सहाव्या होलचा ठोका

यवतमाळ जिल्ह्यात गोल्फ खेळतात असं सांगितलं, की समोरचा माणूस आधी माझ्या तोंडाकडे पाहतो आणि मग माझ्या चपलांकडे. या दोन्हींवरून त्याची खात्री पटते की म्हातारा थापा मारतो आहे. पण वणीच्या बाजूला, एका कोळसा खाणीच्या ऑफिसर क्लबाला लागून नऊ होलचं मैदान आहे आणि त्या मैदानावर मी जन्म काढला. आधी पिशव्या वाहिल्या, मग वाळू सारखी केली आणि शेवटी शेवटी साहेबलोकांना काठी कशी धरायची ते शिकवलं. आमच्या तांड्यातले पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरायचे. मी साहेबांच्या काठ्या वाहिल्या. घराण्याचा धंदा मोडला असं मला कोणी म्हणू शकणार नाही.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काठीनं चेंडू मारायचा, चालत त्याच्याजवळ जायचं, पुन्हा मारायचा, असं करत करत तो दूरच्या एका भोकात घालायचा. कमीत कमी फटक्यांत जो घालेल तो शहाणा. टीव्हीवर त्या भोकाभोवती हिरवंगार गवत दिसतं. आमच्याकडे एप्रिलमध्ये माणसाला प्यायला पाणी मिळायची पंचाईत, गवताला कोण देणार? म्हणून आम्ही भोकाभोवती वाळू पसरतो, तिच्यात गाड्यांचं जळकं तेल मिसळतो आणि लाकडी फळी ओढून ती सारखी करतो. त्याला आम्ही ‘ब्राऊन’ म्हणतो. नियम असा, की खेळून झाल्यावर जो शेवटी निघेल त्यानं फळी ओढून आपली पावलं पुसायची आणि मगच पुढं जायचं. हा नियम लक्षात असू द्या.

मोठ्या मैदानाच्या अलीकडे तीन लहान होल आहेत. त्यांना मी बालवाडी म्हणायचो. नवीन माणूस आधी जाळीत चेंडू मारतो, मग बालवाडीत येतो आणि चौथ्या दिवशी विचारतो, “काका, मोठ्या मैदानावर कवा जाऊ देता?”

माझ्या सगळ्या नोकरीत मला हा एकच प्रश्न खरा अवघड वाटला. एक जिनिंगवाले शेठजी होते. त्यांनी नागपूरहून काठ्यांचा असा काही संच आणला, की त्याच्या पिशवीलाच चाकं. पण चेंडू काही त्यांच्या काठीला लागेना. जमीन मात्र अशी उकरायचे, की त्यांच्या मागं तूर पेरावी. त्यांना मी सहा महिने बालवाडीत ठेवलं, तर त्यांनी क्लबच्या सेक्रेटरीकडे माझी तक्रार केली. उलट एक मुलांचे डॉक्टर होते. सुंदर मारायचे. पण दोन वर्षं झाली तरी पलीकडे पाऊल टाकायला तयार नाहीत. “आडे, इथं मले सगळं दिसते. तिकडं काय आहे कोणाले माहीत!” असं म्हणायचे. मी त्यांची फार टिंगल केली. आज करणार नाही.

लोकांना वाटतं, चेंडू उंच आणि सरळ जायला लागला की माणूस तयार झाला. मी ते पाहत नव्हतो. हरवलेल्या चेंडूचं माणूस काय करतो, ते पाहायचो. बालवाडीच्या कडेला बाभळी आहेत. चेंडू तिकडे गेला की माणूस थोडं शोधतो, मग हात झटकतो, खिशातून दुसरा काढतो. तो तयार. जो काट्यांत घुसून, शर्ट फाडून, मागचे लोक खोळंबले तरी तोच चेंडू शोधत राहतो, तो अजून तयार नाही. मोठ्या मैदानावर चेंडू सोडून देता आला पाहिजे. आमच्या मैदानावर तर आलाच पाहिजे, कारण आमचं मैदान जमिनीवर नाही.

म्हणजे दिसायला जमीनच आहे. पण खाली जुनी भूमिगत खाण आहे, बंद होऊन कितीतरी वर्षं झालेली. कोळसा काढताना मध्ये मध्ये कोळशाचेच खांब ठेवतात आणि त्या खांबांवर वरची सगळी जमीन उभी असते. खांब धरून आहेत तोवर वर गोल्फ खेळा, लग्नं लावा, काहीही करा. बहुतेक मैदान पक्कं आहे. फक्त सहाव्या होलच्या डाव्या हाताला एक पट्टा आहे, तिथं आत कुठंतरी कोळसा धुमसतो आहे. त्या पट्ट्याला तारेचं कुंपण होतं. तार लोकांनी नेली, नुसते खांब राहिले. हिवाळ्याच्या सकाळी सगळं मैदान दवानं पांढरं होतं, पण तिथं दव धरत नाही. पहाटे कोणी तिथून झोपून उठल्यासारखी जागा कोरडी दिसते. कधी त्यातून बारीक वाफ निघते. हात ठेवला तर जमीन कोमट लागते. मी एकदाच ठेवला होता.

मोहिनी मॅडम खाणीच्या सर्व्हे खात्यात होत्या. माहेर यवतमाळचं, वय पस्तिशीचं, बोलणं मोकळं. नकाशे काढायचं काम असल्यामुळे त्यांचा डोळा आणि हात दोन्ही पक्के. तीन महिन्यांत त्यांचा चेंडू असा जायला लागला, की बाकीचे साहेब आपला खेळ थांबवून बघत उभे राहायचे. आणि खेळायच्या इतक्या इमानदारीनं, की चुकून काठी चेंडूला नुसती लागली तरी स्वतःहून एक फटका वाढवून सांगायच्या. चेंडू जिथं पडला तिथूनच मारायचा, हात लावायचा नाही, हा या खेळाचा मूळ नियम. साहेबलोक कोणी बघत नसताना बुटानं चेंडू हळूच सरकवतात, हे मी हजारदा पाहिलं आहे. मॅडमनी कधी केलं नाही.

पण बाभळीत गेलेला एक चेंडू त्यांनी अर्धा तास शोधला होता. मी म्हटलं, “सोडा ना मॅडम, दुसरा घ्या.” त्या म्हणाल्या, “काका, पडला तो इथंच पडला ना? मंग जाईन कुठं? मी पाहून राह्यली होती त्याले.” हाताला रक्त आलं, तरी चेंडू घेऊनच बाहेर आल्या. त्याच दिवशी मला कळायला हवं होतं. खरं सांगायचं तर कळलंही होतं. पण क्लबचे सामने जवळ आले होते, चौघांच्या संघात एक माणूस कमी पडत होता आणि सेक्रेटरी साहेब मला म्हणाले होते, “आडे, तुझी ही शिष्या सगळ्यांचे कान कापेल.” मी फुगलो. दुसऱ्या दिवशी मॅडमना म्हटलं, “उद्या सकाळी मोठ्या मैदानावर जाऊ.”

त्यांना सहाव्या होलबद्दल सांगितलं नव्हतं असं नाही. सांगितलं होतं, डावीकडच्या कुंपणाच्या खांबांच्या पलीकडे जायचं नाही. त्या हसल्या. “काका, नकाशे आमच्या खात्यातच आहेत. तिकडं खाली कोळशाचे पिलर सोडेल आहेत. कागदावर तरी जागा पक्की आहे.” कागदापुढं मी मान तुकवली.

थंडीचे दिवस होते. आम्ही दोघंच होतो. उजाडलं होतं, पण ऊन आलं नव्हतं आणि दूरच्या झाडांचे नुसते शेंडे दिसत होते. पहिले पाच होल मॅडम फार छान खेळल्या. पाचव्यावर त्यांचा चेंडू भोकात गेला आणि त्या पुढं निघाल्या. मी फळी ओढायला मागं राहिलो. त्यांनी माझी वाट बघायला हवी होती, पण हात चांगला चालत असला की माणूस थांबत नाही. मी वाळूवरची पावलं पुसत असताना पुढून फटक्याचा आवाज आला. मग चेंडू पडल्याचा.

तो आवाज ऐकून मी फळी टाकली. पक्क्या जमिनीवर चेंडू पडला की टण्ण वाजतो. हा ‘बद्द’ असा वाजला, रिकाम्या कोठीवर मूठ मारावी तसा. मी वर पाहिलं तर मॅडम खांबांच्या पलीकडे चालल्या होत्या. चारी बाजूंना दव, मधोमध ती कोरडी जागा आणि जागेच्या मधोमध पांढरा चेंडू. पडला तिथूनच मारायचा, हे त्यांना मीच शिकवलेलं.

मी ओरडायला तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. हे मी कितीतरी दिवस कोणाला सांगितलं नव्हतं, आज लिहितो आहे. घशात कोणीतरी हात घातला होता. पाय हलेनात, हात हलेना. मी नुसता बघत होतो आणि त्या एकेक पाऊल टाकत चेंडूकडे चालल्या होत्या.

मग त्या थांबल्या. मधेच, एक पाय उचललेला, तशाच. मान थोडी वाकडी केली, काही ऐकतात तशी. आणि हळूहळू मागं सरकल्या. त्या खांबांच्या अलीकडे आल्या आणि समोरची जमीन खाली गेली. आवाज काहीही झाला नाही. बैलगाडी मावेल एवढी जागा चेंडूसकट बसली आणि त्यातून वाफेचा एक लोळ वर येऊन विरून गेला. जवळच्या पळसावर दोन साळुंक्या होत्या, त्यासुद्धा उडाल्या नाहीत.

मॅडम माझ्याजवळ आल्या तेव्हा त्यांचे ओठ पांढरे पडले होते. म्हणाल्या, “काका, बरं झालं तुम्ही ठोका देला.”

मी त्यांच्या हातातली काठी घेतली.

“एकच ठोका. काठी दगडावर आपटल्यावानी. पहिल्यांदा मले वाटलं पायाखालूनच आला. तुम्हीच देला ना?”

“हाव,” मी म्हटलं. “मीच देला.”

का खोटं बोललो? नाही म्हटलं असतं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं. की मी ओरडलोसुद्धा नाही. की तुम्ही तयार नव्हता आणि ते मला माहीत होतं. त्यापेक्षा ‘हाव’ सोपं होतं. त्या बाईनं माझ्या पायांना हात लावला आणि मी तो लावू दिला. याची लाज मला अजून वाटते.

आता त्या ठोक्याबद्दल सांगतो. गोल्फच्या आधी मी काही वर्षं खाली, त्याच खाणीत काम केलं होतं. आमचं काम छत ठोकून पाहायचं. कामाची पाळी सुरू व्हायच्या आधी दोघांनी आत जायचं आणि लोखंडी सळईनं छत ठोकत पुढं सरकायचं. चांगलं छत खणखणतं. सुटलेलं छत बद्द बोलतं. एक जण पुढं राहतो, दुसरा काही पावलं मागं. पुढच्याला धोका वाटला तर तो ओरडत नाही, कारण आवाजानंसुद्धा छत खाली येतं अशी आमची समजूत होती. तो बाजूच्या कोळशाच्या खांबावर सळईनं एक ठोका देतो. एक म्हणजे थांब. दोन म्हणजे ये. माझ्या पुढं नेहमी देवराव असायचा. वणीजवळच्याच एका खेड्यातला, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, तंबाखू मळता मळता छताशी गप्पा मारणारा. एका सकाळी त्यानं एक ठोका दिला. मी थांबलो. माझ्या आणि त्याच्या मध्ये छत आलं. त्याला काढता आलं नाही, ती गॅलरी, म्हणजे आतला बोगदा, भिंत बांधून बंद केली. मी पुन्हा खाली गेलो नाही. वर मैदान होत होतं, तिथं पिशव्या वाहायला लागलो.

त्यानंतर मॅडम नियमानं खेळू लागल्या. सामना जिंकल्या. चेंडू सोडायलाही शिकल्या, पण सहाव्यावर त्यांचं मन मोठं धाडसी झालं होतं. कधी खांबांच्या जवळ गेल्या, की परत येऊन मला म्हणायच्या, “आजही ठोका देला ना काका? मी हात केला, पाहिला का?” मी मान हलवायचो. मी त्या वेळी कधी शेडमध्ये असायचो, कधी क्लबच्या मागं चहा पीत. एकदाही सहाव्यावर नव्हतो. मैदान मोठं, झाडं मधे, त्यांना वाटायचं काका कुठंतरी उभे असतील. रात्री झोप लागत नव्हती, तरी मी बोललो नाही. जे वाचवतं आहे त्याची चौकशी कशाला करायची, असं मनाला समजावत राहिलो.

मग मी निवृत्त झालो. मुलगा यवतमाळला लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कामाला आहे, त्याच्याकडे राहायला गेलो. सून चांगली, नातू चांगला, टीव्ही मोठा. मला वाटलं, सुटलो.

या हिवाळ्यात एका सकाळी मॅडमचा फोन आला. आवाज रागावल्यासारखा. “काय काका, वणीले आले अन् भेटले नाही?”

“मी कायले येतो वणीले? मी लोहाऱ्यात आहो.”

“मजाक करू नका. आत्ताच देला ना ठोका! मी हातही केला. माझ्यासंग दोन नवीन पोरी आहेत, आजच बालवाडीतून मोठ्या मैदानावर आणल्या. मी त्याईले सांगितलं, डावीकडं गेल्या तरी भिऊ नका, आपले काका ठोका देते.”

धोक्यात एकट्या मॅडम होत्या, तोवर एक वेळ ठीक होतं. आता ती बाई माझ्या खोट्याच्या भरवशावर दुसऱ्यांच्या लेकी तिकडे पाठवत होती. आणि ठोका आजवर आला म्हणून उद्या येईलच, हे कोणी सांगितलं? मी म्हटलं, “मॅडम, आता लगेच परत फिरा. त्या पोरीईले घेऊन. उद्या मी येतो. मी येईस्तोवर सहाव्यावर कोणालेच जाऊ देऊ नका.” सुनेला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशीची पहिली एसटी धरली.

मी मैदानावर पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. मॅडम एकट्याच सहाव्यापाशी उभ्या होत्या. वर जे लिहिलं ते सगळं मी त्यांना सांगितलं. घसा बंद पडला होता ते. ठोका मी दिला नव्हता ते. त्या दिवशी तुम्ही तयार नव्हता, तरी मी माझ्या मोठेपणासाठी आणलं, तेही.

त्यांनी अगदी हळू विचारलं, “मंग काका, एवढे दिवस मी कोणाले हात करून राह्यली?”

मी देवरावचं नाव सांगितलं. ते नाव मी कितीतरी वर्षांत तोंडानं घेतलं नव्हतं. मॅडमनी मोबाइल काढला, त्यात ऑफिसातला जुना नकाशा होता. बोटांनी मोठा केला आणि माझ्यापुढं धरला. खोल खाली आडव्याउभ्या रेघा आणि एका रेघेच्या टोकाला छोटी आडवी खूण. “ही भिंत,” त्या म्हणाल्या. “गॅलरी बंद केलेली. मी याच्यावर शंभरदा बोट फिरवलं असन. इथं माणूस आहे असं कोणी लिहूनच ठेवलं नाही.” त्यांनी खांबांकडे पाहिलं, मग खाली. भिंत आमच्या पायांच्या थोडी पुढं येत होती.

मॅडमनी काठी बाजूला ठेवली. घरातल्या वडीलधाऱ्याशी बोलावं तशा म्हणाल्या, “देवरावकाका, लय केलं तुम्ही. आता नका करू. आम्ही पाहू आमचं.”

मी तिथं खाली बसून रडलो. तीस पावलांवर माझा माणूस होता आणि एवढं साधं वाक्य त्याला परक्या बाईनं म्हणावं लागलं.

त्या दिवसापासून ठोका आलेला नाही. मॅडमनी ऑफिसात अर्ज केला आहे, तारेचं कुंपण मंजूरही झालं आहे, म्हणजे कधीतरी होईल. मी लोहाऱ्याला परत गेलो नाही. क्लबच्या मागं एक खोली घेतली आहे. मुलगा चिडला, म्हणाला, “बाबा, या वयात कायले हे उद्योग?”

रोज सकाळी दव असतानाच मी सळई घेऊन सहाव्यावर जातो. डाव्या हाताच्या पहिल्या खांबापाशी मोठा दगड आहे, तिथं उभा राहतो. नवीन माणसं चेंडूच्या मागं येतात, मान खाली, नजर चेंडूवर. खांबांच्या जवळ आली की मी दगडावर सळई मारतो. एकदाच. माणसं थांबतात, वर पाहतात, मी दिसतो. कोणी हात करतं, मीही करतो. मॅडमना तेव्हा म्हणालो होतो, ठोका मीच दिला. तो आता मीच देतो.